बाइक: कार्ड क्रमांक एक ते चौसष्ट

२ जुलै १९९५, रविवार. सकाळी नऊ.

आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. वाचण्याच्या लायकीचं आसपास कोणी नाहीच.

आठ दिवस झोप नीट नाही. कारण लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. मागच्या रविवारी मावसबहीण जयूच्या नव्या घराची वास्तुशांत होती, उज्जैनच्या पार टोकाला, नानाखेड्याला. मी सायकलने गेलो, नेहमीसारखा. दारात कोणीतरी विचारलं, सर, एवढ्या लांब कसे आलात? मी म्हटलं, बाइकने. तीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. इंग्लंडात सायकलला बाइकच म्हणतात, अगदी दूधवालासुद्धा. पण तिथे विलास उभा होता. माझाच विद्यार्थी, नववीला इंग्रजीत अडतीस मार्क. आता कुठल्याशा औषधकंपनीत एरिया मॅनेजर. वास्तुशांतीलासुद्धा टाय. त्याने बाहेर डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "सर, ती तर सायकल आहे. बाइक ही." असं म्हणून आपल्या मोटरसायकलच्या सीटवर थाप मारली.

सगळे हसले. होमाशी बसलेले गुरुजीसुद्धा हसले. आमचे चिरंजीव आल्हाद, तेही हसले. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

ठराव: बाइक या शब्दाचं मूळ, अर्थ आणि इतिहास शोधून काढणे. गणेशोत्सवात महाराष्ट्र समाजाच्या मंचावरून व्याख्यान देणे. सगळ्यांसमक्ष. दोन महिने हातात आहेत, म्हणजे भरपूर.

३ जुलै, सोमवार.

माझी बायको शोभा महिला मंडळातून बातमी घेऊन आली. विलासची बायको कल्पना तिला म्हणाली की त्यांच्या कंपनीला उज्जैन-शाजापूरसाठी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह हवा आहे. नाव विलासच पाठवणार. आल्हादला घ्यायला तो तयार आहे. फक्त सरांनी एकदा घरी येऊन तसं सांगावं आणि बायोडाटा द्यावा, इतकंच. ३१ जुलैपर्यंत.

आल्हाद बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसला आहे. तो लगेच चप्पल घालू लागला, मीच जाऊन येतो म्हणाला. मी अडवलं. बाप जिवंत असताना मुलाने कोणाच्या दारात जायचं नाही, आपल्या घरात ही रीत नाही. मी बोलतो, म्हटलं. त्याने फ्रीगंजमधून बायोडाटा टाइप करून आणला, तीन प्रती, बाँड पेपरवर. शोभाने त्या लिफाफ्यात घालून माझ्या शबनममध्ये ठेवल्या आणि वर हळदीकुंकू लावलं.

कामाच्या दिवसांत विलास फक्त सोमवारी उज्जैनला असतो, बाकी आठवडा टूरवर; आणि रविवारी कोणाकडे कामाचं बोलणं बरं दिसत नाही. आजचा सोमवार गेलाच. पुढच्या सोमवारी नक्की.

६ जुलै, गुरुवार.

लायब्ररीत तीन तास. कमालीचा उत्साह. बायसिकल हा शब्द फ्रेंचांकडून आला, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी. त्यातला बाय लॅटिन, सायकल ग्रीक. म्हणजे शब्द मुळातच आंतरजातीय. त्याचं बाइक केलं अमेरिकेत, साधारण १८८० नंतर. तेव्हा मोटरसायकल कुठे होती? कुठेही नव्हती. विलास संपला.

पद्धतशीर काम करायचं ठरवलं आहे. एका मुद्द्याला एक कार्ड, कार्डाला क्रमांक. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापल्या. मागची बाजू कोरी असते आणि कागद कडक. कार्ड १ ते ७ तयार.

१० जुलै, सोमवार.

विलासकडे निघालो होतो. टॉवर चौकाच्या अलीकडे पंक्चर. दुकानावर बसल्या बसल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारलं, बाइक किसको कहते हैं? तो म्हणाला, "मास्साब, तीस साल से आप इसको साइकल बोल के हवा भरवा रहे हो। अब क्या हो गया?" अशिक्षित माणसाचं मत. कार्ड केलं नाही.

पंक्चर दहा मिनिटांत निघालं, पण चेन चढवताना हाताला ग्रीस लागलं. काळ्या हातांनी मुलाच्या नोकरीचं बोलणं बरं दिसत नाही. परत आलो. पुढचा सोमवार.

१७ जुलै, सोमवार.

इथल्या पंचांगाने श्रावणातला पहिला सोमवार. महाकालची सवारी, म्हणजे आता दर सोमवारी गावातून निघणारी देवाची पालखी. अर्धं शहर बंद, विलासकडे जाणं शक्यच नाही. शोभा म्हणाली, सवारी चार वाजता निघते, तुम्ही सकाळीच जाऊन या. मी तिला समजावलं की सकाळी माझं डोकं ताजं असतं आणि ते मी कार्डांना देतो. ती म्हणाली, "दिवस निघून राहिलेत हो." आणि पोळ्या लाटायला गेली.

आज एक विलक्षण अर्थ सापडला. स्कॉटलंडात आणि उत्तर इंग्लंडात बाइक म्हणजे गांधीलमाश्यांचं पोळं. हा शब्द सायकलच्या बाइकपेक्षा कितीतरी जुना. मूळ अज्ञात. कार्ड २२. विलासला हे स्वप्नातही माहीत नसेल.

२३ जुलै, रविवार. दुपारी.

घाईत लिहितो आहे, म्हणून अक्षर असं. ग्रीक क्यक्लोस आणि आपलं चक्र, दोन्हींचं मूळ एक! आणि लॅटिन बाय म्हणजे आपलं द्वि. बायसिकल म्हणजे द्विचक्र. शब्द आमचाच. आणि आमचा म्हणजे कुठला? प्राचीन काळी जगाची वेळ उज्जैनवरून मोजत. कर्कवृत्त इथूनच जातं. वेळ इथून गेली, तर शब्द इथून का जाणार नाही? कार्ड २८ ते ३४, एका बैठकीत.

जेवताना घरच्यांना सांगितलं. आल्हाद म्हणाला, बाबा, मूळ एक असेल तर ते दोन शब्द भाऊ-भाऊ झाले ना, बाप-लेक कसे? दोघांचा बाप तिसराच कोणीतरी असेल. मी म्हटलं, तुझी बी.एस्सी. तुझ्याजवळ ठेव. त्यावर तो म्हणाला, जवळच आहे, दोन वर्षं. आणि ताट घेऊन उठला.

उर्मटपणा वाढतो आहे. रिकामपणाचा परिणाम. नोकरी लागली की जाईल.

२४ जुलै, सोमवार.

सवारी. संध्याकाळी रामघाटावर पालखीच्या दर्शनाला गेलो. गर्दीत दहा हातांवर विलास. त्याने मला पाहिलं, हात जोडले, आणि माणसांतून वाट काढत माझ्याकडे येऊ लागला. मी पालखीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. देवासमोर नोकरीचं बोलणं मला पटत नाही. डोळे उघडले तेव्हा तो नव्हता. पोलिसांनी गर्दी पुढे ढकलली असावी.

शबनम खांद्यालाच होती, लिफाफा आत होता. पण पूजेच्या पाण्यात भिजला असता.

३० जुलै, रविवार.

लग्नपत्रिका संपल्या. कार्ड ४० वर काम थांबलं. घरात कडक कागदाचा कपटा नाही. शबनममध्ये लिफाफा दिसला. आत तीन प्रती. विलास एक आहे, त्याला तीन प्रती कशाला? एकीचे आठ सारखे तुकडे केले. बाँड पेपरवर शाई काय सुंदर उतरते. कार्ड ४१ ते ४८ झाली.

इथे नोंदवायचं राहिलेलं कार्ड ३९ विनोदी आहे, तेही नक्की घेणार. इंग्लंडात एखाद्याला 'ऑन युअर बाइक' म्हटलं तर त्याचा अर्थ: चालू लाग, जा, कामधंदा बघ. श्रोत्यांना हसवायला उत्तम.

उद्या शेवटची तारीख. उद्या जाणार म्हणजे जाणार. सवारी असो, प्रलय असो.

३१ जुलै, सोमवार.

गेलो. सकाळी आठ वाजता फ्रीगंजला विलासच्या फाटकापर्यंत गेलो. हे कोणी नाकारू शकत नाही.

अंगणात ती उभी होती. ती मोटरसायकल. धुतलेली, चकचकीत, सीटवर पिवळं फडकं. तिच्या शेजारीच माझी सायकल लावावी लागली असती, दुसरी जागा नव्हती. आतून कुकरची शिट्टी आली, विलास कोणाशी तरी हसत होता. फाटकाची कडी हातात धरून मी किती वेळ उभा होतो, ते घड्याळात पाहिलं नाही. आणि मग वाटलं, व्याख्यान आधी व्हावं. त्यानंतर मी याच फाटकातून ताठ मानेने येईन आणि तो मला खुर्ची देईल. आत्ता गेलो तर तो फक्त मुलाच्या नोकरीसाठी आलेला एक मास्तर पाहील.

परत आलो. शोभाला सांगितलं, घरी कोणी दिसलं नाही. हे खोटं नाही. मला खरंच कोणी दिसलं नाही.

८ ऑगस्ट, मंगळवार.

कल्पनाचा निरोप शोभाला: तारीख १९ ऑगस्टपर्यंत वाढली आहे. विलास म्हणाला, सरांची वाट पाहतो. बघा. गरज कोणाला आहे ते दिसलंच. संयमाचं फळ.

आल्हाद म्हणाला, मग मी जातो. मी म्हटलं, एकदा सांगितलं ना. त्याने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं, लायब्ररी बंद व्हायची वेळ होती.

समाजाचे सेक्रेटरी श्रीकांत यांना भेटलो. व्याख्यानाचं म्हटल्यावर ते आधी फार वेळ पान चघळत राहिले. मुख्य वक्ते पुण्याहून येणार, ते ठरलेलंच असतं. आमच्यात पुण्याहून आलेल्याला तास, इथल्याला आभार. पण मी रेटून धरलं. शेवटी म्हणाले, ३ सप्टेंबरला संध्याकाळी वीस मिनिटं काढून देतो, सर, पण वीस म्हणजे वीस. वीस हे त्यांनी म्हणायचं. एकदा लोक रंगले की कोण उठवतो?

१४ ऑगस्ट, सोमवार.

सवारी. शिवाय उद्या शाळेत झेंडावंदन, त्याची तयारी. शिवाय सर्दी. दुसरी प्रत कापली. कार्ड ५६ पर्यंत.

१९ ऑगस्ट, शनिवार.

विलास आज टूरवरच असणार, शनिवार आहे. गेलो असतो तरी भेटला नसता. एकदा तारीख वाढवणारे पुन्हा वाढवतात. सरकारी असो की खाजगी, तीस वर्षांचा अनुभव आहे.

शोभा दिवसभर स्वयंपाकघरात होती. संध्याकाळी फक्त विचारलं, "लिफाफा देऊन टाकला ना?" मी म्हटलं, त्याचीच व्यवस्था चालू आहे.

२२ ऑगस्ट, मंगळवार.

काल शेवटची, शाही सवारी झाली. समारोपासाठी कागद कमी पडला. शेवटच्या प्रतीची आता उपयुक्तता राहिली नव्हती, तारीख उलटलीच आहे. आणि नवी तारीख आली की नवा बायोडाटा करावाच लागेल, टायपिस्ट काही पळून गेलेला नाही. कार्ड ६४. चौसष्ट! चौसष्ट कला या गावाला नव्या नाहीत, साक्षात देव त्या इथल्याच गुरुकुलात शिकला. हा शकुन आहे.

२७ ऑगस्ट, रविवार.

गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका छापून आली. माझं नाव तळाकडे, बारीक टाइपात: 'दोन शब्द: श्री. विनायक शेवडे सर'. वर पाककला स्पर्धेचा निकाल, खाली मुलांची वेशभूषा स्पर्धा, मध्ये मी. विषय छापायचा राहिला. श्रीकांत म्हणाले, जागा नव्हती.

प्रमुख पाहुणे: श्री. विलास. त्यांच्या कंपनीने मुलांची बक्षिसं दिली आहेत.

आधी वाईट वाटलं, मग लक्षात आलं की याहून चांगलं काय? आरोपी स्वतःहून पहिल्या रांगेत बसणार.

३ सप्टेंबर, रविवार. रात्री जेवण न करता लिहितो आहे.

क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला होता, हे मान्य करायला हवं. बायका बासुंदीच्या निकालावर भांडत होत्या. मुलं वेशभूषा करून तयार. दोन झाशीच्या राण्या, एक वासुदेव, आणि एका मुलाला खोक्यात घालून एसटीडी बूथ केलं होतं. तो रडत होता. मी सुरुवात केली. लॅटिन, ग्रीक, फ्रान्स, अमेरिका. आवाज उत्तम लागला होता. पोळ्याच्या अर्थापर्यंत आलो तेव्हा हॉलमध्येच पोळं उठल्यासारखं झालं होतं, पण विलास ऐकत होता. मान खाली नाही, घड्याळ नाही. खरंच ऐकत होता. एवढ्या सगळ्यांत एकटाच.

म्हणून मी विनोद घेतला. कार्ड ३९. ऑन युअर बाइक म्हणजे चालू लाग, कामधंदा बघ. आणि वर जोडलं, जे माझ्या टिपणात नव्हतं, की आमच्या घरीही दोन वर्षं हे कोणालातरी सांगायचं आहे.

सगळे हसले. मागे वळून, खांबाजवळ उभ्या आल्हादकडे पाहून हसले. तो आईला सोडायला म्हणून आला होता. तो हसला नाही. जयूच्या दारात सगळ्यांबरोबर तो हसला होता, तेव्हा मी त्याच्याकडे जसं पाहिलं होतं, तसंच त्याने माझ्याकडे पाहिलं. मग चप्पल शोधून निघून गेला.

मी उज्जैन आणि चक्राकडे वळलो, पण बोट सुटलं आणि कार्डं खाली पडली. चौसष्टच्या चौसष्ट. झाशीच्या राण्या गोळा करायला धावल्या. श्रीकांत घंटी वाजवू लागले. विलास खुर्चीतून उठला, गुडघ्यावर बसला आणि टाय सावरत कार्डं उचलू लागला. उचलता उचलता थांबला. एक उलटं केलं. मग दुसरं. मग तिसरं.

मंचाच्या मागे तो मला भेटला. हातात पाच-सहा कार्डं. म्हणाला, "सर, हे तुमचं की आल्हादचं?" एका कार्डावर माझ्या अक्षरात बोनशेकर नावाच्या जुन्या सायकलीचं वर्णन होतं. मागे टाइप केलेलं: बी.एस्सी., फर्स्ट डिव्हिजन.

मी ते कार्ड घेऊन सुलटं केलं. तोच बोलू लागला. म्हणाला, जागा पंचवीसला भरली, शाजापूरचा मुलगा आहे. एकदा तारीख वाढवली, दुसऱ्यांदा वरचे ऐकेनात. "मला वाटून राहिलं होतं सर, तुम्ही येणार. रामघाटावर मी तुम्हाला लवकर या म्हणूनच सांगायला येत होतो." मग इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "नववीला माझे अठ्ठावीस होते. तुम्ही दोनाचा तीन केला. मी पेपर पाहिला होता, तीच शाई. नापास झालो असतो तर बाबांनी दुकानावर बसवलं असतं. अठरा वर्षं मनात होतं, सरांसाठी कधीतरी काहीतरी करायचं." आणि विचारलं, त्या दिवशी वास्तुशांतीत मी मजाक केली, ते तुम्ही मनावर नाही ना घेतलं?

मी म्हटलं, मला तर आठवतही नाही.

दोनाचा तीन केल्याचंही मला आठवत नाही. वर्षाला पाच-सहा मुलांचं करावं लागतं. तेवढीच एक गोष्ट मी काही न ठरवता, कुठेही न लिहिता केली होती.

कार्डं परत देऊन जाताना त्याने विचारलं, बायसिकलचं बाइक झालं, ते ठीक. पण बाइस का नाही झालं, सर? शेवटचा तो 'क' कुठून आला? मी म्हटलं, कार्ड पाहून सांगतो. कार्ड नाही. डिक्शनरीलाही ते नक्की माहीत नाही. चौसष्ट कार्डांत हा एक प्रश्न मला सुचला नव्हता. अडतीसवाल्याला सुचला. अठ्ठावीसवाल्याला.

५ सप्टेंबर, मंगळवार.

शिक्षक दिन. मुलांनी गुलाब दिले. शोभाला सगळं कळलं आहे, कल्पनाकडून. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं, उत्तर तयार होतं.

९ सप्टेंबर, शनिवार.

आल्हादचा मित्र अमोल पीथमपूरच्या कारखान्यात आहे. तिथे स्टोअरमध्ये हेल्पर घेत आहेत, ठेकेदारीवर. बी.एस्सी. लागत नाही, दहावी पुरे. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, बायोडाटा घेऊन. काल विसर्जन, त्यामुळे टायपिस्ट दोन दिवस बंद. आल्हादने मला काही विचारलं नाही. माझ्या टेबलावरून कार्डांचा गठ्ठा घेतला, ४१ ते ६४ वेगळी काढली, आणि जमिनीवर उलटी मांडून एक प्रत जुळवत बसला. मग ती पाहून फुलस्केपवर हाताने उतरवायला लागला.

मी शेजारी बसलो. एक तुकडा सापडत नव्हता, तो मीच शोधून दिला. त्यावर 'वडिलांचे नाव' आणि 'व्यवसाय' एवढंच होतं. त्याने तो घेतला, जागेवर ठेवला आणि थँक यू म्हणाला. घरात थँक यू म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

मला लाज वाटते आहे. हे वाक्य दोनदा खोडलं, आता राहू दे.

१० सप्टेंबर, रविवार.

आल्हाद गेला. सकाळी सातची बस, नानाखेड्याहून. रिक्षा करू म्हटलं, तो नको म्हणाला. वळकटी माझ्या सायकलच्या कॅरिअरला बांधली, ट्रंक त्याने खांद्यावर घेतली. मी सायकल हातात धरून, तो बाजूने, असे घरापासून नानाखेड्यापर्यंत चालत गेलो. वाटेत मी म्हटलं, पुढच्या सोमवारी विलासशी बोलतो, दुसरी जागा निघेलच. तो म्हणाला, "राहू द्या बाबा." रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

बस वेळेवर सुटली. खिडकीतून त्याने हात केला की काच सरकवली, ते मला नीट दिसलं नाही.

परत येताना जयूचं घर लागलं. ती फाटकाशी दूध घेत होती. तिने विचारलं, दादा, एवढ्या सकाळी इकडे? कसे आलात?

मी म्हटलं, सायकलने.

कोणी हसलं नाही.